पलंगावर पेशंट किती? एका बी.एस्सी. नर्सिंग प्रवेशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातलं शेतकरी कुटुंब. साडेतीन एकर कोरडवाहू, तूर आणि ज्वारी. हंगाम नसेल तेव्हा वडील तालुक्याच्या आडत दुकानात हिशेब लिहायला जात. मोठी मुलगी २०१९ मध्ये बारावी शास्त्र शाखेतून पास झाली, धाकटा मुलगा तेव्हा सहावीत होता. मुलीला नीटमध्ये एमबीबीएसच्या जवळपास जाणारेही गुण नव्हते, आणि तिला त्याचं फार वाईटही वाटलं नव्हतं. आजी सिव्हिलमध्ये अॅडमिट असताना ती रात्री सोबत राहिली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात नर्सिंगच होतं.

त्या वेळी मी नर्सिंग कॉलेजच्या नोकरीतून निवृत्त झालेली होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यांच्या भागातल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, काम करायची. तिने या मायलेकींना आणि वडिलांना माझ्याकडे पाठवलं. पुढे सहा वर्षं मी हे प्रकरण जवळून पाहिलं आणि कुटुंबाच्या संमतीने इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कॉलेजांची नावं देत नाही.

प्रश्न काय होता

घरच्यांचा प्रश्न साधा होता: "मॅडम, कुठलं कॉलेज चांगलं?" त्यांच्या हातात तीन माहितीपत्रकं होती. तिन्हींवर हसऱ्या मुली, पांढरे कोट, 'शंभर टक्के प्लेसमेंट' आणि परदेशी विमानाचं चित्र. मुलीच्या मामांनी आधीच एक कॉलेज पाहून ठेवलं होतं. "इमारत एकदम नवी हाय मॅडम, लिफ्ट हाय, मुलींना बस हाय," असं ते कौतुकाने सांगत होते.

माझ्या दृष्टीने प्रश्न तीन होते. या कॉलेजात शिकून मुलीच्या हाताला खरोखर काम येईल का? तिची पदवी महाराष्ट्रात, दुसऱ्या राज्यात आणि वेळ पडली तर परदेशात धरली जाईल का? आणि पदवी मिळाल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत तिला महिन्याला हातात किती पडेल? चार वर्षांचा खर्च, वसतिगृह धरून, चार-पाच लाखांच्या घरात जाणार होता. त्या घरासाठी ही फार मोठी रक्कम. पहिल्या पगारातून हप्ता भरता येणार नसेल तर तो भार सहावीतल्या भावाच्या शिक्षणावर येणार होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मामांचं कॉलेज, घरापासून बसने तासाभरावर. खासगी, नवं, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न. त्याला आपण 'जवळचं कॉलेज' म्हणू.

दुसरं, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या ट्रस्टचं कॉलेज. विद्यापीठ तेच, पण ट्रस्टचं स्वतःचं मोठं रुग्णालय. इमारत जुनाट, वसतिगृहात एका खोलीत सहा मुली. फी वर्षाला पंधरा-वीस हजारांनी जास्त. हे 'ट्रस्टचं कॉलेज'.

तिसरा पर्याय सरकारी रुग्णालयातल्या शाळेत जीएनएमचा, म्हणजे सामान्य परिचर्या आणि प्रसूतिविद्येचा तीन वर्षांचा डिप्लोमा. खर्च नाममात्र. घरच्यांना तो कमीपणाचा वाटत होता, कारण 'डिग्री नाही'.

चौथा एका दलालाने आणला होता. शेजारच्या राज्यातलं कॉलेज, आणि "रोज जायची गरज नाही, परीक्षेला गेलं की झालं." हा पर्याय मी पहिल्या पाच मिनिटांत बाजूला ठेवायला सांगितला. बी.एस्सी. नर्सिंगच्या नियमात परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. जिथे जायचीच गरज नाही, तिथली हजेरी कागदावर कुणी तरी लिहितं. तिथून बाहेर पडलेल्या मुलीला नस शोधता येत नाही आणि औषधाचा डोस काढता येत नाही. तिच्या हाताखाली जो पेशंट येईल, त्याच्यावर हा अन्याय आहे, आणि त्या मुलीवरही.

पुण्यातल्या एका अभिमत विद्यापीठाचाही विचार झाला. फी दुपटीहून जास्त, आणि अभिमत विद्यापीठांच्या फीवर राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाचा अंमल नाही. तो विचार तिथेच थांबला. सैन्यदलाच्या नर्सिंग सेवेची वाट मी सुचवली होती. पुण्याच्या एएफएमसीसारख्या सैन्यदलाच्या वैद्यकीय संस्थेत शिक्षण आणि पुढे अधिकाऱ्याची नेमणूक, पण त्या वर्षीच्या अर्जाची मुदत निघून गेली होती.

कागद तपासले

आधी कागद. भारतीय परिचर्या परिषद योग्य ठरलेल्या संस्थांची वर्षवार यादी प्रसिद्ध करते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि विद्यापीठाची संलग्नता वेगळी पाहावी लागते. दोन्ही कॉलेजं तिन्ही ठिकाणी होती. मात्र एका गोष्टीकडे मी मुलीचं लक्ष वेधलं. यादीत त्या वर्षी नाव आहे एवढं पुरत नाही, मंजूर जागा किती आहेत तेही पाहायचं. मंजुरीपेक्षा जास्त मुली भरल्या तर वरच्यांची नोंदणी पुढे अडकू शकते.

मग पैशांचा कागद. केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा घेतली तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा परतावा मिळत होता. संस्थेच्या कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, घेतली तर नाही. जवळच्या कॉलेजचा माणूस "आत्ता डिपॉझिट भरा, संस्थेच्या कोट्यातली जागा पक्की करतो," असं फोनवर सांगत होता. वडिलांचा हात खिशाकडे गेलाच होता. फेरीची वाट पाहिल्याने त्यांचे चार वर्षांत जे पैसे वाचले, ते मामांनी सांगितलेल्या जवळच्या प्रवासाच्या बचतीपेक्षा जास्त निघाले.

वॉर्डातली पाहणी

कागदावर दोन्ही कॉलेजं सारखीच दिसत होती. फरक दिसला तो रुग्णालयात, आणि या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा दिवस तोच.

नर्सिंग कॉलेजला स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं, एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट मिळावेत, असा परिषदेचा दंडक आहे. माहितीपत्रकावर खाटांचा आकडा असतो. पण विद्यार्थिनी शिकते ती पेशंटकडून, रिकाम्या खाटेकडून नाही. म्हणून मी कुटुंबाला सांगितलं, कॉलेजात जाऊ नका. रुग्णालयात जा, सकाळी अकराच्या सुमारास, नातेवाइकांसारखे. मुलीला घेऊन जा.

जवळच्या कॉलेजच्या रुग्णालयात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात खाटा ओळीने मांडलेल्या होत्या. चादरींना इस्त्रीची घडी तशीच. खाटेशेजारच्या कपाटांवर पाण्याची बाटली नाही, डबा नाही, औषधाची पिशवी नाही. सलाइनचे स्टँड एका कोपऱ्यात एकत्र उभे. वॉर्डभर मिळून पाच-सहा पेशंट. मुलीच्या आईने हे सगळं टिपलं होतं. ती शाळा सातवीपर्यंत शिकलेली, पण सासूच्या आजारपणात सिव्हिलमध्ये पंधरवडा काढलेली. तिने मला येऊन सांगितलं, "मॅडम, तिथं फिनाइलचाबी वास नव्हता." चालत्या वॉर्डाला वास असतो, पसारा असतो, आवाज असतो. मी इतकी वर्षं इन्स्पेक्शन पाहिली, त्यात आईचं ते वाक्य एखाद्या अहवालाच्या तोडीचं होतं.

ट्रस्टच्या रुग्णालयात ओपीडीची रांग फाटकाबाहेर आली होती. वॉर्डात जमिनीवरही गाद्या. विद्यार्थिनी युनिफॉर्ममध्ये, एकीच्या हातात ट्रे, दुसरी बीपी घेत होती, आणि ट्यूटर, म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या शिक्षिका, मागे उभ्या राहून तिला कफ सैल झालाय म्हणून परत बांधायला लावत होत्या. ट्यूटर वॉर्डात आहे की नाही, हे मी नेहमी पाहायला सांगते. मुलींना वॉर्डात सोडून ट्यूटर कॉलेजात बसत असतील, तर त्या मुली तिथे बिनपगारी मनुष्यबळ म्हणून वापरल्या जातात. खाट झाडणं आणि फाइल पोचवणं एवढंच त्या शिकतात.

दुसरी गोष्ट लेबर रूमची. तेव्हाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने २० सामान्य बाळंतपणं स्वतःच्या हाताने करणं आवश्यक होतं. केस बुकात प्रत्येकीची नोंद, सहीसह. वर्गात ५० मुली असतील तर वर्षाला हजार सामान्य बाळंतपणं लागतात, म्हणजे महिन्याला ऐंशीच्या वर, आणि त्यात सिझेरियन धरायचे नाहीत. ट्रस्टच्या रुग्णालयातल्या सिस्टरने विचारल्यावर सरळ सांगितलं, आमच्याकडे तेवढी होत नाहीत, म्हणून मुलींना जिल्हा स्त्री रुग्णालयात पाठवतो, नाइटलाही. जवळच्या कॉलेजात विचारल्यावर "होतं सगळं" असं उत्तर आलं. महिन्याचा आकडा कुणी सांगितला नाही. मुलीने हा हिशेब वहीत स्वतः मांडला, आणि मला वाटतं निवड तिने त्याच रात्री केली.

तिसरं, माजी विद्यार्थिनी. कॉलेज स्वतःहून ज्यांचे नंबर देतं, त्या नेहमी खूश असतात. त्यामुळे मी कुटुंबाला दुपारी दोनला रुग्णालयाच्या फाटकाशी उभं राहायला सांगितलं. त्या वेळी सकाळची ड्यूटी सुटते आणि दुपारची चढते. बाहेर पडणाऱ्या तरुण सिस्टरना तीनच प्रश्न विचारायचे: कुठे शिकलीस, हातात किती पडतात, बॉण्ड किती, म्हणजे किती काळ नोकरी सोडता येत नाही. ट्रस्टच्या फाटकावर त्यांना पाच-सहा मुली भेटल्या. पगार कमी, पण वेळेवर, एक वर्षाचा बॉण्ड, मूळ प्रमाणपत्रं परत दिलेली. एकीने तक्रारही केली. आयसीयूत तीन पेशंटमागे एक सिस्टर असते, म्हणाली. अतिदक्षता विभागात एका पेशंटमागे एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. तो महाराष्ट्रातल्या बहुतेक खासगी रुग्णालयांत पाळला जात नाही. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

निर्णय

घरात दोन दिवस वाद झाला. मामांचं म्हणणं होतं, मुलगी रोज घरी येईल, सुरक्षित राहील. हे म्हणणं मी उडवून लावलं नाही. खेड्यातल्या बापाला मुलीच्या वसतिगृहाची काळजी असते आणि ती रास्त असते. म्हणून आई एक दिवस वसतिगृहात जाऊन आली. वॉर्डन कोण, रात्रपाळीच्या मुली रुग्णालयातून परत कशा येतात, सोबत कोण असतं, हे तिने विचारलं. परत आल्यावर तिचा निर्णय झालेला होता.

जीएनएमचा पर्याय मात्र जेवढा तोलायला हवा होता तेवढा तोलला गेला नाही. 'डिग्री' या शब्दाचा घरात फार मान होता. खर्चाच्या दृष्टीने तो सगळ्यांत हलका होता, आणि सरकारी रुग्णालयात पेशंटची कमतरता कधीच नसते. पुढे काय झालं ते खाली येईलच.

केंद्रीय फेरीतून ट्रस्टच्या कॉलेजात जागा मिळाली. बँकेतून शैक्षणिक कर्ज काढलं, चार लाखांच्या आत, म्हणजे तारण द्यावं लागलं नाही.

चार वर्षं

पहिलं वर्ष शरीररचना, पोषण, फाउंडेशनमध्ये गेलं. मग २०२० चा मार्च आला. वर्ग मोबाइलवर आले, मुलगी शेतात चिंचेच्या झाडाखाली रेंज शोधत तास ऐकायची. परीक्षा लांबल्या. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रात्यक्षिक, जवळजवळ थांबलं. दुसऱ्या वर्षातल्या मेडिकल-सर्जिकलच्या तासांत मोठं खिंडार पडलं.

अशा वेळी कॉलेज कसं वागतं, यावरून त्याची खरी पारख होते. काही ठिकाणी तास कागदावर भरून टाकले गेले. या कॉलेजने २०२१ च्या उन्हाळ्यानंतर मुलींना सुट्टीतही बोलावून पोस्टिंग भरून काढलं. मुली कुरकुरल्या. हिनेही मला फोन करून तक्रार केली होती. मी तिला एवढंच सांगितलं की रोजचं लॉगबुक त्याच दिवशी लिहायचं, सही त्याच दिवशी घ्यायची, आणि प्रत्येक पानाचा फोटो ठेवायचा. पुढे या सवयीचा फायदा झाला.

शेवटच्या वर्षी स्त्री रुग्णालयात तिची वीस बाळंतपणं पूर्ण झाली. अकराव्या नोंदीत बाळ रडलं नव्हतं. स्टाफ सिस्टरने बाळाला श्वास देण्याची अंबू बॅग तिच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभी राहिली. बाळ मिनिटभरात रडलं. त्या रात्री तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. खाटा रिकाम्या असलेल्या रुग्णालयात हा प्रसंग तिच्या वाट्याला आला नसता, आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात असं बाळ समोर आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मला करवत नाही.

कोविडमुळे निकाल लांबला. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात पडेपर्यंत २०२४ उजाडलं.

पदवीनंतरचे पर्याय

नोंदणी झाल्यावर तिच्यासमोर पाच वाटा होत्या. वाट निवडायला तिला कॉलेज निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

केंद्र सरकारच्या एम्ससाठीची नॉरसेट परीक्षा २०२० पासून होते. नागपूरचं एम्स धरून देशभरातल्या एम्सची भरती तिच्यातून होते. नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार ४४,९०० रुपयांपासून सुरू होतो. बी.एस्सी. झालेल्याला अनुभवाची अट नाही, जीएनएमला ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. डिग्रीचा थेट फायदा इथे दिसतो. मात्र २०२३ पासून पूर्व आणि मुख्य अशा दोन परीक्षा होतात, आणि स्पर्धा राजस्थान-केरळच्या मुलामुलींशी असते, जे वर्ष-वर्ष तयारीच करतात.

राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं वेतन ३५,४०० पासून. नोकरी पक्की, पण जाहिरात कधी येईल याचा नेम नाही. समुदाय आरोग्य अधिकारी हे कंत्राटी पद आहे. गावातल्या उपकेंद्रात काम, २५,००० मानधन आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत भत्ता. घराजवळ राहता येतं, पण हाताचं रुग्णालयातलं कौशल्य सुटतं.

खासगी रुग्णालयाचा पगार ही या क्षेत्राची दुखरी नस आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की २०० खाटांच्या वरच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकं वेतन असावं, आणि ५० खाटांच्या आतल्या रुग्णालयातही २०,००० च्या खाली नसावं. शिफारस चांगली होती. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली, आणि आज तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये नोंदणीकृत परिचारिकेला दहा-बारा हजारांवर राबवलं जातं. चार वर्षं शिकलेल्या, माणसाचा जीव सांभाळणाऱ्या मुलीला दहा हजार! हे लिहिताना मला लाज वाटते.

पाचवी वाट परदेशाची. आखातात जायला साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि तिथल्या देशाची परवाना परीक्षा लागते. ब्रिटनने अलीकडे परदेशी परिचारिकांची भरती बरीच आवरती घेतली आहे. जर्मनीचं आकर्षण मात्र वाढलं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत. पण तिथे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते, आणि तुमच्या अभ्यासक्रमाचे तास त्यांच्या २,१०० तास वर्ग आणि २,५०० तास प्रात्यक्षिकाशी ताडून पाहिले जातात. जिथे कमी पडेल तिथे परीक्षा द्या किंवा त्यांच्या रुग्णालयात अनुकूलन प्रशिक्षण घ्या.

ट्रस्टच्या रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती. त्याच सुमारास पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूतून बोलावणं आलं. पुण्यात पगार पाच हजारांनी जास्त, पण खोलीभाडं आणि मेस वजा केलं की हातात दोन्हीकडे सारखंच. वडिलांचा कल ट्रस्टकडे होता. मी आयसीयूच्या बाजूने बोलले, कारण सामान्य वॉर्डातली दोन वर्षं आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसोबतची दोन वर्षं यांना पुढच्या मुलाखतीत वेगळं वजन असतं. तिने पुणं निवडलं. सही करण्याआधी नेमणूक पत्रातल्या चार गोष्टी आम्ही फोनवर एकत्र वाचल्या: बॉण्ड किती, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का, पीएफ कापून हातात किती, डबल ड्यूटीचे पैसे मिळणार का. प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचं कलम होतं. तिने नकार दिला, झेरॉक्स साक्षांकित करून देते म्हणाली. त्यांनी मान्य केलं. विचारलं नसतं तर कागद अडकले असते.

काय निष्पन्न झालं

पुण्यातलं पहिलं वर्ष कठीण गेलं. नाइट लागोपाठ, आयसीयूत दोन-तीन पेशंट एकटीवर. पण ती शिकली. दुसऱ्या वर्षी त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयाने तिला वाढीव पगारावर घेतलं. कर्जाचा हप्ता ती स्वतः भरते. नॉरसेटची पूर्वपरीक्षा ती पास झाली, मुख्य परीक्षेत राहिली. जर्मनची बी-१ पातळी पूर्ण झाली आहे, बी-२ चालू आहे.

जर्मनीच्या कागदपत्रांसाठी तिने कॉलेजकडे तासवार ट्रान्सक्रिप्ट मागितलं. कोणत्या विषयाचे वर्गात किती तास, वॉर्डात किती, कोणत्या रुग्णालयात, हे त्यात वर्षवार लागतं. कोविडच्या वर्षाबद्दल कार्यालयाने शंका काढली. तिने लॉगबुकच्या पानांचे फोटो दाखवले, आणि तास जुळले. तिच्या वर्गातल्या दोघींकडे ते नव्हते. त्यांचे कागद महिनोन्महिने अडकले.

जवळच्या कॉलेजात तिच्याच गावची एक मुलगी गेली होती. ती हुशार, कष्टाळू. आज तालुक्याच्या एका नर्सिंग होममध्ये बारा हजारांवर आहे. पुण्यात दोन मुलाखतींमध्ये प्रात्यक्षिकात मागे पडली. तिला शिकवलंच गेलं नाही, यात तिचा दोष नाही. आता ती एका सरकारी रुग्णालयात कंत्राटी जागेसाठी अर्ज करते आहे, आणि मी तिला तेच करायला सांगितलं, कारण तिथे तिला पेशंट मिळतील.

आणि जीएनएम. आमच्या मुलीच्या चुलत बहिणीने त्याच वर्षी सरकारी शाळेत जीएनएम घेतलं. तीन वर्षांत बाहेर पडली, कर्ज शून्य. दोन वर्षं मोठ्या रुग्णालयात काम केलं, नॉरसेटची अनुभवाची अट पूर्ण केली, आणि आता दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करते आहे. तिच्या हातात पैसा लवकर आला, आमच्या मुलीच्या हातात पदवी लवकर आली. दोघींपैकी कुणाची वाट चुकली, असं मला म्हणता येत नाही. ज्या घरात कर्ज झेपत नाही, तिथे सरकारी जीएनएम मी आता पहिल्यांदा सुचवते.

आज असाच निर्णय घ्यायचा तर

२०२१ पासून अभ्यासक्रम आठ सत्रांचा झाला आहे. बाळंतपणांच्या आवश्यक संख्येसह बऱ्याच अटी बदलल्या आहेत, तेव्हा चालू अभ्यासक्रमाचं पुस्तक घेऊनच वॉर्डात प्रश्न विचारावेत. हिशेबाची पद्धत मात्र तीच: मुली किती, गुणिले प्रत्येकीला लागणाऱ्या केसेस, आणि रुग्णालयात प्रत्यक्ष होतात किती.

पैशांचं गणित मुलींसाठी बरंच बदललं आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्याला हे लागू नाही. वसतिगृह, मेस, युनिफॉर्म, प्रवासाचा खर्च उरतोच, तो आधी लिहून काढावा. 'डिपॉझिट भरा, जागा पक्की करतो' म्हणणाऱ्याला आज आणखी ठामपणे नाही म्हणता येतं.

जर्मन भाषा या मुलीने पदवीनंतर सुरू केली. रात्रपाळी करून आल्यावर व्याकरण डोक्यात शिरत नाही, हे तिचंच म्हणणं. तिसऱ्या वर्षापासून ए-१ ला सुरुवात केली असती तर वर्षभर वाचलं असतं. ज्यांना परदेशी जायचंच नाही त्यांनी हा वेळ नॉरसेटच्या जुन्या प्रश्नपत्रिकांना द्यावा. दोन्ही एकदम करायला गेल्यास दोन्ही अर्धवट राहतात, तिचं काही अंशी तसं झालं.

पुण्याच्या आयसीयूच्या बाजूने मी बोलले, ते मत आजही कायम आहे, पण एक जोड देऊन. पहिल्या नोकरीआधी त्या आयसीयूतल्या एका तरी सिस्टरशी, ड्यूटी सुटताना, एका पाळीत तिच्याकडे किती पेशंट असतात हे विचारावं. दोन असतील तर जावं. चार सांगितले, तर पगार कितीही असला तरी दुसरीकडे पाहावं. चार व्हेंटिलेटर एकटीवर टाकणाऱ्या ठिकाणी नवी मुलगी शिकत नाही, धास्तावते, आणि चूक झाली तर मेमो तिच्या नावाने निघतो.

तिचा भाऊ आता बारावीत आहे आणि त्यालाही नर्सिंग करायचं आहे. मुलग्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. प्रसूतिगृहातलं पोस्टिंग त्यांना कितपत मिळतं, नॉरसेटमध्ये पुरुषांच्या वाट्याला कमी जागा आल्या आहेत, खासगीत आयसीयू आणि कॅज्युअल्टीत मात्र ब्रदरना, म्हणजे पुरुष परिचारकांना, मागणी आहे. पुढच्या महिन्यात तो आणि त्याची आई दोन रुग्णालयं पाहायला जाणार आहेत. वॉर्डात काय पाहायचं ते आईला माहीत आहे. भावाला मी वेगळी यादी दिली आहे, तिच्यात पहिला प्रश्न त्या कॉलेजातल्या मुलग्यांची प्रसूतीची नोंद कुठल्या रुग्णालयात होते, हा आहे.